लगाम घालणाऱ्या पेशी : मज्जासंस्थेचे स्वयंप्रतिकार आजार आणि ते आवरणारी यंत्रणा

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती महाराष्ट्र-गुजरातेतल्या कित्येक पिढ्यांनी बाळगली. त्या इंजेक्शनांतली लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास कसौली येथे तिची कृती बसवली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटून त्याचे द्रावण करायचे आणि कार्बोलिक आम्लाने विषाणू निकामी करायचा. कसौली, कुन्नूर, परळची हाफकिन संस्था अशा ठिकाणी तयार झालेली ही लस जवळजवळ शतकभर वापरात होती. २००५ च्या सुमारास भारताने ती बंद केली आणि पेशीसंवर्धनातून मिळणाऱ्या, दंडात घ्यायच्या लसी सगळीकडे आल्या.

सेंपलच्या लसीने असंख्य जीव वाचवले. मात्र तिच्यातून निकामी विषाणूबरोबर मेंदूचे ऊतकही शरीरात जाई. त्यामुळे लस घेतलेल्यांपैकी थोड्या जणांना दोनेक आठवड्यांत वेगळाच आजार जडे. पायांतली शक्ती जाई, लघवी अडके, कधी शुद्ध हरपे. हा रेबीज नव्हता. मेंढीच्या मेंदूतली प्रथिने माणसाच्या मेंदूतल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की त्यांच्यावर चवताळलेली प्रतिकारयंत्रणा रुग्णाच्या स्वतःच्या मज्जासंस्थेवरही चालून जाई. १९८७ मध्ये थायलंडमधल्या अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चेतातंतूंच्या वेष्टणातले ‘मायलिन बेसिक प्रोटीन’ हे या हल्ल्याचे एक लक्ष्य असल्याचे दिसले.

या दुर्घटनांतून दोन प्रश्न उभे राहतात. मेंदूचे ऊतक तर प्रत्येकालाच टोचले जात होते, मग आजार थोड्यांनाच का झाला? आणि ज्यांना झाला, त्यांतल्या पुष्कळांचा तो काही आठवड्यांत आपोआप थांबला आणि पुन्हा उलटला नाही, असे का? हल्ला कसा सुरू होतो हे शोधण्यात वैद्यकशास्त्राने बराच काळ घालवला. तो थांबतो कसा, हा प्रश्न मागे राहिला. हल्ला आपोआप विझत नाही, त्याला विझवावे लागते, आणि हे काम शरीरातल्या ठरावीक पेशी करतात, हे त्याचे आजचे उत्तर आहे.

लक्ष्य : मायलिन

मेंदू, मज्जारज्जू आणि हातापायांतल्या नसा यांतील बहुतेक लांब चेतातंतूंवर मायलिन नावाचे मेद आणि प्रथिने यांचे वेष्टण असते. विजेच्या तारेवर असते तसे हे सलग आवरण नसते. त्यात ठरावीक अंतरावर उघड्या खाचा असतात आणि संदेश या खाचेवरून त्या खाचेवर उड्या घेत जातो. वेष्टण झिजले की संदेश मंदावतो किंवा वाटेतच विरतो. मेंदू आणि मज्जारज्जूत हे घडले की नजर धुरकट होते, तोल जातो, अंगात मुंग्या येतात, पाय ओढत चालावे लागते. या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा नुसते एमएस म्हणतात. फ्रान्समधील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले. हातापायांच्या नसांवर असाच हल्ला झाला की गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, होतो.

मायलिनवर धावून जाऊ शकणाऱ्या टी पेशी फक्त रुग्णांच्याच रक्तात असतात असे नाही. धडधाकट माणसाच्या रक्तातही त्या सापडतात. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे शरीरातल्या प्रथिनांचे नमुने त्यांच्यापुढे मांडले जातात आणि स्वकीय प्रथिनावर जोराने झडप घालणारी पेशी तिथेच मारली जाते. ही चाळणी चांगली असली तरी तिची जाळी काही ठिकाणी मोठी आहे. ‘प्रोटिओलिपिड प्रोटीन’ या मायलिनमधल्या प्रथिनाचे उदाहरण पुरेसे आहे. मेंदूत ते अखंड असते. थायमसमध्ये मात्र मुख्यतः त्याचा ३५ अमिनो आम्लांचा तुकडा गाळलेला नमुना दाखवला जातो. त्या गाळलेल्या तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी चाळणीतून निसटतात. उंदरांच्या एका जातीत नेमक्या याच तुकड्यावर स्वयंप्रतिकाराचा हल्ला होतो.

म्हणजे हल्ला करू शकणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या अंगात आहेत, तरी बहुतेक माणसे आयुष्यभर निरोगी राहतात. चाळणीतून सुटलेल्यांवर बाहेर कुणाची तरी नजर असली पाहिजे, हा तर्क इथून निघतो.

एका कल्पनेचे पतन आणि पुनरागमन

हा तर्क प्रयोगात उतरायला बरीच वर्षे लागली. १९६९ मध्ये जपानच्या नागोया शहरातल्या कर्करोग संशोधन केंद्रात निशिझुका आणि साकाकुरा यांनी नवजात उंदरांच्या थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढल्या. टी पेशींची गिरणीच बंद झाल्याने प्रतिकारशक्ती कमी होईल अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. त्या माद्यांची बीजांडे त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने नष्ट केली. थायमसमधून उशिरा बाहेर पडणाऱ्या कुठल्या तरी पेशी हल्ल्याला आवर घालत असाव्यात, अशी शंका त्यातून आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी टी पेशी प्रतिकार वाढवतात तशा दाबूही शकतात असे दाखवले. ‘सप्रेसर टी पेशी’ हे नाव रूढ झाले आणि सत्तरच्या दशकात या विषयावर शोधनिबंधांचा पाऊस पडला.

दहा-बारा वर्षांत हा डोलारा कोसळला. सप्रेसर पेशींची खूण मानलेल्या ‘आय-जे’ या रेणूचे जनुक उंदराच्या १७ व्या गुणसूत्रावर एका ठराविक जागी असणार, असे सगळे धरून चालले होते. १९८३ च्या सुमारास त्या जागेचा जनुकीय नकाशा तयार झाला, तेव्हा तिथे असे जनुक बसायला जागाच नव्हती. खूण खोटी ठरल्यावर पेशींवरचाही विश्वास उडाला. ‘सप्रेसर’ हा शब्द शोधनिबंधात लिहिणेही अनेकांनी सोडले.

शिमोन साकागुची यांनी तो धागा सोडला नाही. नागोयातल्या जुन्या प्रयोगापासून त्यांनी सुरुवात केली. १९८५ मध्ये त्यांनी एका विशिष्ट गटाच्या टी पेशी वगळून उरलेल्या टी पेशी उंदरांना दिल्या. उंदरांना अनेक अवयवांचे स्वयंप्रतिकार आजार झाले. वगळलेला गट परत दिल्यावर आजार टळले. १९९५ मध्ये त्यांना या गटाची भरवशाची खूण सापडली. ती म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा सीडी२५ हा रेणू. मदतनीस टी पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के पेशींवर तो ठळकपणे असतो. जुन्या नावाला बट्टा लागला होता, म्हणून या पेशींना ‘रेग्युलेटरी’, म्हणजे नियामक टी पेशी, असे नाव मिळाले.

उरलेला दुवा उंदरांच्या एका रोगट जातीतून मिळाला. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथे १९४० च्या दशकात किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी पाळलेल्या उंदरांत काही नर खवल्याखवल्यांची कातडी घेऊन जन्मत आणि काही आठवड्यांतच मरत. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या आजाराला कारण असलेले, एक्स गुणसूत्रावरचे जनुक शोधले आणि त्याला फॉक्सपी३ हे नाव दिले. मुलग्यांत आढळणारा ‘आयपेक्स’ हा दुर्मीळ आणि घातक आजारही याच जनुकातल्या बिघाडाने होतो, हेही त्याच वर्षी कळले. नियामक टी पेशी घडवणारे मुख्य जनुक फॉक्सपी३ हेच आहे, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. या कामासाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आवर घालण्याच्या रीती

नियामक टी पेशी हल्लेखोर पेशीला सहसा ठार करत नाही. हल्ल्याला लागणारी रसद ती तोडते. टी पेशीला कामाला लागायचे तर दोन इशारे मिळावे लागतात. पहिला इशारा ओळखीचा असतो. प्रतिजन दाखवणारी पेशी प्रथिनाचा तुकडा समोर धरते. दुसरा इशारा संमतीचा असतो. त्याच पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू तो देतात. नियामक पेशीवर असणारा सीटीएलए-४ हा रेणू या दोघांना घट्ट पकडतो आणि दाखवणाऱ्या पेशीच्या अंगावरून ओढून आत घेतो. मग ओळख पटली तरी संमती मिळत नाही.

दुसरी रीत वाढीशी निगडित आहे. टी पेशींची संख्या वाढायला इंटरल्युकिन-२ हे द्रव्य लागते. सीडी२५ हा त्याच द्रव्याच्या ग्राहकाचा भाग आहे. तो अंगावर भरपूर असल्याने नियामक पेशी आसपासचे इंटरल्युकिन-२ शोषून घेतात आणि हल्लेखोरांची उपासमार होते. तिसरी रीत शामक द्रव्यांची आहे. इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही त्यांतली प्रमुख द्रव्ये होत. याखेरीज दाह भडकवणाऱ्या एटीपीचे विघटन करून त्यापासून दाह शमवणारे अ‍ॅडेनोसिन बनवण्याची सोयही या पेशींच्या पृष्ठभागावर असते.

आवर घालण्याचे काम या एकाच गटाकडे नाही. शरीराच्या कडेकोपऱ्यात तयार होणाऱ्या ‘टीआर१’ पेशी फॉक्सपी३ शिवायच इंटरल्युकिन-१० स्रवतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींपैकी काही जणी हेच काम करतात. २००२ मध्ये उंदरांच्या बी पेशींतून इंटरल्युकिन-१० काढून टाकल्यावर मज्जासंस्थेच्या प्रायोगिक आजारातून ते उंदीर बरे होईनात. ‘मायलॉइड सप्रेसर’ पेशींचा गट मूळचा अस्थिमज्जेतला, पूर्ण न पिकलेल्या पांढऱ्या पेशींचा. त्यांची ओळख प्रथम कर्करोगात झाली, कारण तिथे त्या गाठीच्या बाजूने राहून प्रतिकार दाबतात. २०१२ मधल्या प्रयोगांत त्यांतल्या एका उपगटाने उंदरांचा मज्जासंस्थेवरचा हल्ला सौम्य केला. एमएसच्या रुग्णांतही आजार उसळतो त्या काळात या पेशी रक्तात वाढलेल्या दिसल्या. त्याच कुळातल्या काही पेशी पिकून दाह भडकवणाऱ्याही होतात. त्यामुळे नुसत्या संख्येवरून त्या कोणत्या बाजूच्या हे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतली साक्ष

सेंपलच्या लसीतून घडलेले अपघात समजून घेण्यासाठीच थॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क महिनोन्‌महिने टोचला. काही माकडांना पांगळेपण आले आणि त्यांच्या मेंदूत मायलिन झिजलेले चट्टे दिसले. १९४७ नंतर फ्रॉइंड यांच्या तैलमिश्रणाबरोबर अर्क दिल्यावर हाच आजार काही आठवड्यांत घडवता येऊ लागला. त्याचे लांबलचक नाव ईएई या आद्याक्षरांनी ओळखले जाते. कसौलीच्या लसीतला दोष आणि जगभरच्या प्रयोगशाळांतला हा आजार यांची मुळे एकच आहेत.

ईएई झालेले उंदीर सुमारे दोन आठवड्यांत शेपटीपासून पांगळे होतात. त्यांतले बरेचसे, आणि बहुतेक घुशी, पुढे आपोआप बऱ्या होतात. एकदा बऱ्या झालेल्या घुशीला पुन्हा अर्क टोचला तर सहसा आजार होत नाही. सत्तरच्या दशकात अशा बऱ्या झालेल्या घुशींच्या पेशी निरोगी घुशींना दिल्यावर त्यांनाही संरक्षण मिळाले. सप्रेसर पेशींवरचा विश्वास उडाल्यावर ही निरीक्षणेही बाजूला पडली, पण ती खोटी ठरली नव्हती.

निर्णायक पुरावा १९९४ मध्ये आला. सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत हुआन लफाय यांनी असे उंदीर घडवले, की त्यांच्या बहुतेक सगळ्या मदतनीस टी पेशी मायलिन बेसिक प्रोटीनलाच ओळखत. तरीही त्यांपैकी थोड्याच उंदरांना आपोआप आजार झाला. मग इतर कुठल्याही प्रकारच्या टी किंवा बी पेशी बनूच शकणार नाहीत अशी जनुकीय सोय केली. आता एकही उंदीर वाचला नाही. हल्लेखोर पेशी दोन्हीकडे तितक्याच होत्या. फरक पडला तो इतर पेशींच्या अल्पशा तुकडीने. चार वर्षांनी त्या रक्षक पेशी मदतनीस टी पेशींच्याच कुळातल्या असल्याचे कळले. २००२ मध्ये नियामक टी पेशी वेगळ्या काढून निरोगी उंदरांना आधीच दिल्यावर ईएई सौम्य झाला.

सेंपलच्या लसीने उभ्या केलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इथे मिळतात. टोचलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, कारण बहुतेकांत रक्षक पेशी हल्ला उठायच्या आतच दाबतात. आजार झालेल्यांत तो थांबतो, तेव्हा नियामक पेशी मज्जारज्जूतच गोळा झालेल्या असतात. २००५ मधल्या प्रयोगांत उंदीर बरे होण्याच्या काळात नेमके हे दिसले. त्या पेशी काढून टाकल्यावर एकदा बरे झालेले उंदीर पुन्हा अर्क टोचताच आजारी पडले.

नियामक पेशी हजर असल्या म्हणजे हल्ला आटोक्यात येतोच असे नाही. २००७ मध्ये ईएई ऐन भरात असताना उंदरांच्या मेंदूतून दोन्ही तऱ्हेच्या पेशी काढून समोरासमोर ठेवल्या. नियामक पेशी भरपूर होत्या, पण तिथल्या हल्लेखोरांवर त्यांची मात्रा चालेना. हल्लेखोर पेशी इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही दाहक द्रव्ये इतकी स्रवत होत्या, की आवराचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. ऑगस्ट २००६ मधला तापीचा पूर पाहिलेल्या सुरतेला हे समजावून सांगावे लागत नाही. धरण पूर अडवते ते पाणी चढण्याआधी पोटात जागा राखून. पात्र भरून वाहू लागल्यावर तेच धरण शहर कोरडे ठेवू शकत नाही. नियामक पेशींचे बळही हल्ला उठण्याआधी आणि ओसरताना सर्वांत जास्त असते, भर उसळीत सर्वांत कमी.

माणसांतला एमएस : सुरत, मुंबई आणि पारशी समाज

भारतात एमएस विरळा मानला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांतल्या नोंदींवरून केलेले अंदाज लाखामागे एखाद-दुसरा रुग्ण एवढेच होते. उत्तर युरोपात मात्र लाखामागे शंभराच्या घरातले आकडे मिळत. या चित्राला पहिला मोठा छेद पारशी समाजाने दिला. सुरत आणि आसपासच्या किनाऱ्यावरून मुंबईत गेलेल्या या समाजाच्या वसाहती आखीव आणि मोजता येण्याजोग्या आहेत. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा लाखामागे सुमारे २१ होता. १९९० मध्ये डॉ. नोशीर वाडिया यांनी भाटिया यांच्यासह मुंबई आणि पुण्यातल्या पारशांचा अभ्यास मांडला आणि याच निष्कर्षाला बळकटी आली. वाडियांचा जन्म १९२५ मध्ये सुरतेतला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जाविकारशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे ते जसलोकमध्ये होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन समाजांत इतका फरक असेल, तर त्यात आनुवंशिकतेचा वाटा असणार हे उघड आहे. एमएसची जोखीम वाढवणाऱ्या जनुकांत प्रतिजन दाखवणाऱ्या रेणूंची जनुके पहिल्या क्रमांकावर आहेत. २००७ मध्ये हजारो रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना झाली तेव्हा त्यांच्या जोडीला आणखी एक नाव आले. ते सीडी२५ चे जनुक होते. नियामक पेशींची खूण आणि एमएसची जोखीम एकाच जनुकात सापडणे हा योगायोग म्हणता येत नाही. त्याआधी २००४ मध्ये एमएसच्या रुग्णांच्या नियामक पेशी तपासल्या होत्या. संख्येत त्या निरोगी माणसांइतक्याच होत्या, पण हल्लेखोरांना आवरण्याची त्यांची ताकद कमी भरली. म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी आहेत, पण पकड सैल आहे.

आनुवंशिकतेबरोबर परिस्थितीही काम करते. अर्जेंटिनातले होर्हे कोर्रेआले यांनी पोटात जंत असलेले १२ एमएस रुग्ण आणि जंत नसलेले १२ रुग्ण यांच्यावर साडेचार वर्षे लक्ष ठेवले. २००७ मधल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जंत असलेल्यांत आजाराच्या उसळ्या फारच कमी होत्या आणि त्यांच्या रक्तात मायलिनविरुद्धचा हल्ला दाबणाऱ्या नियामक पेशी वाढलेल्या होत्या. पुढे त्यांतल्या चौघांना जंतनाशक औषध द्यावे लागले, तेव्हा जंतांबरोबर संरक्षणही गेले. जंतांना यजमानाच्या पोटात टिकून राहायचे असते, म्हणून ते त्याच्या नियामक पेशींना उत्तेजन देतात. जंतांचा उपचार म्हणून वापर करण्याच्या चाचण्यांतून मात्र अपेक्षेएवढा लाभ दिसलेला नाही.

गर्भारपण हे याच यंत्रणेचे दुसरे उदाहरण आहे. पोटातल्या बाळाची निम्मी प्रथिने बापाकडची, म्हणजे आईच्या प्रतिकारयंत्रणेला परकी. ती सोसण्यासाठी गर्भारपणात नियामक पेशींचे राज्य बळकट होते. १९९८ मध्ये युरोपातल्या १२ देशांतील २५४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवटच्या तिमाहीत एमएसच्या उसळ्या ठळकपणे घटल्या आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढल्या.

पुण्यातला जीबीएस : एकदाच येणारा हल्ला

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकामागून एक दिसू लागले. पुढच्या काही आठवड्यांत दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्याकडे वळला. या जिवाणूच्या कवचावरच्या शर्करासाखळ्या माणसाच्या नसांवरच्या गँग्लिओसाइड या रेणूंसारख्या दिसतात. जुलाब थांबतात, पण जिवाणूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे एक-दोन आठवड्यांनी नसांना लागतात. पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर चढतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर कृत्रिम श्वासयंत्र लावावे लागते.

या जिवाणूने जुलाब होणारे पुष्कळ असतात, जीबीएस होणारे मोजके. झालेल्यांतही हल्ला साधारण चार आठवड्यांच्या आत कळस गाठतो आणि बहुतेकांत पुन्हा उलटत नाही. सेंपलच्या लसीच्या अपघातांतला नमुना इथेही दिसतो. आजाराच्या तीव्र काळात जीबीएस रुग्णांच्या रक्तात नियामक टी पेशी घटलेल्या आढळतात आणि पुढे त्या पूर्वपदावर येतात. या आजारात शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचे बरेच परिणाम आहेत. घातक प्रतिपिंडांना निकामी करणे हा त्यांतला मुख्य, आणि नियामक पेशींना चालना देणे हाही एक.

लगाम काढला तर

नियामक यंत्रणेचे माणसातले महत्त्व सर्वांत स्पष्टपणे कर्करोगाच्या उपचारातून कळले. कर्करोगाची गाठ नियामक पेशींच्या आडोशाने वाढते. तो आडोसा दूर करण्यासाठी सीटीएलए-४ ला अडवणारे इपिलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये आले. पाठोपाठ त्याच जातीची इतर औषधे आली. अनेक रुग्णांना त्यांनी नवे आयुष्य दिले. काहींना मात्र उपचार सुरू असताना जीबीएस, स्नायूंची शक्ती हरणारा मायस्थेनिया किंवा मेंदूचा स्वयंप्रतिकारजन्य दाह झाला. आधी मज्जासंस्थेची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांत हे आजार उमटतात. हल्लेखोर पेशी त्यांच्या अंगात आधीपासूनच होत्या, आणि आवर सैल होताच त्या बाहेर आल्या.

लगाम आवळण्याचे प्रयत्न

उलट दिशेचे प्रयत्न, म्हणजे आवर बळकट करण्याचे, सोपे निघाले नाहीत. नियामक पेशी वाढवण्यासाठी सीडी२८ या रेणूला थेट चेतवणारे प्रतिपिंड घुशींत ईएई आटोक्यात आणत होते. माणसासाठी बनवलेले त्याचे रूप मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना देण्यात आले. काही तासांतच सहाही जणांच्या शरीरात दाहक द्रव्यांचे वादळ उठले. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागातून. घुशींत नियामक पेशी जागवणारे औषध माणसांत हल्लेखोरांनाच जागे करून गेले.

दुसरा धडा डॅक्लिझुमॅबचा. हे औषध सीडी२५ लाच अडवते. त्यामुळे नियामक पेशींचे नुकसान होऊन एमएस बळावेल असा कागदावरचा हिशेब होता. प्रत्यक्षात उसळ्या कमी झाल्या, कारण औषधाने वाढलेल्या एका प्रकारच्या ‘नॅचरल किलर’ पेशी हल्लेखोरांना संपवत होत्या. २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काही रुग्णांना मेंदूचा गंभीर दाह झाल्याने २०१८ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. नियामक पेशींवर घाव घालण्याची किंमत उशिरा का होईना मोजावी लागते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आज एमएससाठी उपलब्ध असलेली बहुतेक प्रभावी औषधे हल्लेखोर पेशी घटवतात किंवा त्यांची मेंदूकडची वाट अडवतात. ग्लॅटिरामर हे त्यांतले जुने औषध काही अंशी टी पेशींचा कल शामक बाजूला वळवते. रुग्णाच्याच नियामक पेशी बाहेर काढायच्या, वाढवायच्या आणि परत द्यायच्या, ही नवी वाट आहे. तिच्यावरच्या अडचणीही ठरलेल्या आहेत. माणसात फॉक्सपी३ हल्लेखोर पेशींतही काही काळ उमटतो, म्हणून शुद्ध नियामक पेशी निवडणे कठीण जाते. दाहाच्या जागी गेल्यावर त्यांतल्या काही पेशी फितूर होऊन हल्लेखोर बनू शकतात. भर उसळीत त्यांची मात्रा चालत नाही हे तर उंदरांनी दाखवलेलेच आहे. म्हणून अशा पेशींना मायलिन ओळखणारा ग्राहक जोडून नेमक्या जागी पाठवण्यावर, आणि त्या आजाराच्या शांत काळात देण्यावर, संशोधकांचा भर आहे.

या पेशींचे काम आवर घालण्यापाशी संपत नाही, हे २०१७ मध्ये बेलफास्टच्या प्रयोगांतून दिसले. उंदरांतल्या नियामक टी पेशी काढून टाकल्यावर झिजलेले मायलिन नीट भरून येईना. परत दिल्यावर ते भरले. मायलिन विणणाऱ्या पेशींना पिकवणारे सीसीएन३ हे प्रथिन त्या स्रवतात, आणि ते काम दाह दाबण्याच्या कामाहून वेगळे आहे. उपलब्ध औषधे हल्ला कमी करतात, झालेली झीज भरून काढत नाहीत. एमएसमध्ये कायमचे अपंगत्व या न भरलेल्या झिजेतूनच साठत जाते. हल्ला थांबवणे आणि झालेली मोडतोड दुरुस्त करणे ही दोन्ही कामे शरीराने एकाच पेशीकडे सोपवलेली आहेत. तिला औषध म्हणून वापरायचे तर तिच्याकडून ही दोन्ही कामे करून घ्यावी लागतील.